रिव्हेंडेल: ऑटो की लाइव्ह असिस्ट?

रिव्हेंडेल या लिनक्सवर चालणाऱ्या, मोफत मिळणाऱ्या रेडिओ स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो आणि लाइव्ह असिस्ट या दोन्ही मोडमध्ये लॉगप्रमाणे (म्हणजे काय काय वाजवायचं त्या यादीप्रमाणे) एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं. फरक आहे तो घड्याळाचा. लॉगमध्ये एखाद्या कार्यक्रमाला पक्की वेळ लावली असेल, तर ऑटो ती पाळतो. लाइव्ह असिस्ट ती विचारातच घेत नाही.

रात्री स्टुडिओ रिकामा असताना ऑटोच हवा. पण समोर पाहुणा बसलाय, गप्पा रंगल्यात, अशा वेळी मी लाइव्ह असिस्टच निवडेन. बोलणाऱ्याचं वाक्य घड्याळ मधेच तोडत नाही. (तिसरा मॅन्युअल मोडही आहे, त्यात प्रत्येक गोष्ट हातानेच सुरू करायची.) मात्र स्टुडिओतून निघताना मोड आठवणीने ऑटोवर आणा, नाहीतर सकाळच्या बातम्या ठरल्या वेळेला लागायच्या नाहीत.