सिंगापूरचं बंकर: माप चोख, बाकीचा हिशेब आपला

सिंगापूरला बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेतल्यावर भांडण झालंच, तर ते आता सहसा टनांवरून होत नाही, तेलाच्या दर्जावरून किंवा वाया गेलेल्या वेळेवरून होतं. दहा वर्षांपूर्वी उलटं होतं. हा बदल बंदर प्राधिकरणाने नियम करून घडवला, त्याचे पूर्ण गुण द्यायला हवेत. पण मीटर आहे म्हणून डोळे मिटून सही करणाऱ्या चीफ इंजिनिअरला ही सेवा महाग पडते. बंकरचा बेत एका फाइलीत आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जाण्याचा बेत दुसऱ्या फाइलीत ठेवणाऱ्या ऑफिसचंही तेच होतं.

जहाजांना इंधन पुरवणारं जगातलं सर्वांत मोठं बंदर हेच. २०२३ मध्ये इथे ५ कोटी १८ लाख टन बंकर विकलं गेलं, २०२४ मध्ये ५ कोटी ४९ लाख टन. या वाढीत तांबड्या समुद्राचा हात मोठा: तिथला धोका टाळायला जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. सिंगापूरहून रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ८,३०० सागरी मैल, केप ऑफ गुड होपला वळसा घातला तर ११,८०० च्या आसपास. १३ नॉट्सने चालणारं आणि दिवसाला ४० टन जाळणारं जहाज धरा: वळशाचे ११ दिवस जास्त, म्हणजे साडेचारशे टन तेल जास्त. ते कुठेतरी भरून घ्यावंच लागतं.

१ जानेवारी २०१७ पासून फर्नेस ऑइल देणाऱ्या प्रत्येक बार्जवर, म्हणजे तेल आणून देणाऱ्या छोट्या जहाजावर, मास फ्लो मीटर सक्तीचा आहे, १ जुलै २०१९ पासून डिझेल आणि गॅस ऑइल देणाऱ्यांवरही. या मीटरात तेल सतत थरथरत ठेवलेल्या नळ्यांतून जातं. तेल वाहू लागलं की नळीच्या शिरतीकडच्या आणि निघतीकडच्या थरथरीत किंचित अंतर पडतं, आणि त्या अंतरावरून किती किलो तेल गेलं ते थेट कळतं. इथे घनफळाचा संबंधच येत नाही, मीटर सरळ वस्तुमान सांगतो.

याचं मोल जुनी पद्धत आठवली की कळतं. तेव्हा बार्जच्या टाक्यांत टेप सोडायची, तापमान घ्यायचं आणि कागदावरच्या घनतेने गुणून टन काढायचे. टेप, थर्मामीटर, घनता, तिन्हीकडे हात मारता यायचा. बंकर नोटवर, म्हणजे डिलिव्हरीच्या पावतीवर, घनता ९४० ऐवजी ९५० लिहिली की हजार टनांमागे दहा टन हवेतले. शिवाय खरोखरची हवा होतीच: देताना लाइनमध्ये हवा सोडायची, तेलाला फेस आणायचा, टेपवर पातळी चढलेली दिसायची आणि रात्रीतून फेस बसला की टाकी रिकामी. बंकरच्या धंद्यात याला ‘कॅपुचिनो’ म्हणतात. मीटरपुढे ही कॉफी लपत नाही. फेसाळ तेल आलं की नळ्या थरथरत्या ठेवायला जास्त जोर लागतो, तो ‘ड्राइव्ह गेन’ म्हणून नोंदला जातो, आणि घनतेचा आकडा पडद्यावर नाचायला लागतो.

मीटर तोच आणि तसाच आहे ना, हे मात्र जहाजानेच बघायचं. होज जोडण्याआधी बार्जवर जाऊन प्रत्येक सीलचा नंबर सील पडताळणीच्या कागदाशी जुळवा. मीटरवरून वळसा घालून जाणारी वाट, व्हॉल्व्ह आणि ब्लँक फ्लँज यांची सील विशेष बघा. मग टोटलायझरचा, म्हणजे मीटरवरच्या एकूण बेरजेचा, सुरुवातीचा आकडा स्वतः वाचून लिहून घ्या आणि मीटरिंग तिकिटावर तोच छापला आहे ना ते पाहा. ही पंधरा-वीस मिनिटं ‘पायलट येतोय, लवकर करा’ म्हणून वाचवली, की नंतरच्या कुठल्याही पत्राला वजन राहत नाही.

आपल्या साउंडिंगवर, म्हणजे टाकीत टेप सोडून घेतलेल्या मापावर, विसंबून मीटरशी भांडू नये. मीटरला साधारण अर्ध्या टक्क्याची मुभा असते, म्हणजे हजार टनांमागे पाच टन. आता जहाजाकडे बघा. टाकी १० मीटर बाय २० मीटर असेल, तर टेपवर एक सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं की दोन घनमीटर, म्हणजे १.९ टन. सहा टाक्यांत मिळून ११ टन. वर ट्रिम (पुढे-मागे झुकाव) आणि बार्ज बाजूला लागल्याने आलेला थोडा लिस्ट (एका बाजूला कल). म्हणून चार साबने, म्हणजे फोर्थ इंजिनिअरने, कितीही जीव लावून टेप सोडली तरी आपला आकडा मीटरच्या आकड्याला हरवू शकत नाही. तरीही साउंडिंग हवंच, ते वेगळ्या कामासाठी: तेल ठरलेल्याच टाकीत जातंय का, शेजारची टाकी न उघडता भरतेय का आणि शेवटचा टप्पा कधी आला.

जागेचं गणित आधीच करावं. घनता ९४०, तापमान ४० अंश, मागणी १,००० टन. १५ अंशांना हे तेल १,०६४ घनमीटर होतं, ४० अंशांना फुगून १,०८३. टाकी ९० टक्क्यांवर थांबवायची, तर १,२०० घनमीटरची मोकळी जागा लागते. तीही जुन्या तेलात न मिसळता. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी गंधकाची दोन तेलं वेगवेगळ्या मिश्रणांची असली, तर एकत्र आल्यावर अस्फाल्टीन, म्हणजे तेलातला डांबरासारखा जड भाग, खाली बसतं, फिल्टर तासातासाला तुंबतात आणि तेल शुद्ध करणारा प्युरिफायर गाळ ओकत राहतो. हे नेमकं सामुद्रधुनीत होऊ नये.

आता जिथे गुण कापायला हवेत तिथे येऊ. मीटर तेल मोजतो तसंच पाणीही मोजतो. आरएमजी ३८० या जड इंधनाच्या प्रतीत अर्धा टक्का पाणी चालतं, म्हणजे हजार घनमीटरमध्ये पाच घनमीटर पाणी तेलाच्या भावाने. कॅटफाइन्स, म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे कण, किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत कायदेशीर आहेत. इंजिनच्या तोंडाशी मात्र ते १५ च्या खाली हवेत, नाहीतर लायनर (सिलिंडरचं अस्तर) आणि पिस्टन रिंग घासून निघतात. मधलं अंतर प्युरिफायरने कापायचं: ९८ अंश तापमान आणि शक्य तितका कमी प्रवाह. तेव्हा कागदावर पास झालेलं तेल इंजिनात थेट घालण्याजोगं असेलच असं नाही.

याचा सर्वांत कडू दाखला २०२२ च्या सुरुवातीचा. जास्त गंधकाच्या तेलात क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं मिसळलेली निघाली. सुमारे २०० जहाजांना ते तेल गेलं आणि त्यातल्या साधारण ८० जहाजांनी फ्युएल पंप आणि इंजिन बिघडल्याचं कळवलं. माप अगदी बरोबर होतं! आयएसओ ८२१७ या जहाज-इंधनाच्या मानकाच्या नेहमीच्या चाचण्यांत ही रसायनं दिसतच नाहीत, त्यांना गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. १ जून २०२४ पासून प्राधिकरणाने पुरवठादारांना या रसायनांची, पॉलिस्टायरीनची आणि आम्लतेची तपासणी बंधनकारक केली. पाऊल योग्य, पण त्यामुळे आपला नमुना आपण तपासायचा हे टळत नाही.

आणि नमुना घेतानाच निम्मी जहाजं माती खातात. नमुना जहाजाच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे होज जोडतात तिथे, पूर्ण वेळ, थेंबाथेंबाने घ्यायचा. तीन तासांची डिलिव्हरी आणि पाच लिटरचं क्युबिटेनर (नमुन्याचा डबा) असेल, तर मिनिटाला साधारण २८ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. नमुन्याचा सुई-व्हॉल्व्ह सुरुवातीलाच त्या बेताने लावा. पहिल्या अर्ध्या तासात डबा भरून घेतला तर तो पहिल्या दीडशे टनांचा नमुना झाला, हजाराचा नव्हे. शेवटी डबा चांगला हलवायचा आणि बाटल्या एकेक करून न भरता सगळ्यांत थोडं थोडं, तीन-चार फेऱ्यांत घालायचं. बार्जवाले कधी कधी आयत्या भरलेल्या बाटल्या पुढे करतात. त्या घ्यायच्याच असतील तर ‘फक्त पोच, नमुना कुठून घेतला माहीत नाही’ असं लिहूनच सही करा. मार्पोलची, म्हणजे सागरी प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची, बाटली किमान १२ महिने जहाजावर, बंकर नोट ३ वर्षं. नोट १ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक झाली आहे, त्यामुळे खाडाखोड आणि ‘नंतर भरतो’ हे प्रकार आटोपले. मात्र बाटल्यांच्या सीलचे नंबर तिच्यात बरोबर चढलेत का, हे सहीआधी बघायचं काम तेवढं राहिलं.

प्रयोगशाळेचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर नवीन तेलाला हात लावायचा नाही, म्हणून सिंगापूरला पोचताना चार-पाच दिवसांचं जुनं तेल शिल्लक हवं. चार्टररचं, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचं, ऑफिस ‘इतकं शिल्लक कशाला’ म्हणून कुरकुरतं. कुरकुरू द्यावं.

सामुद्रधुनीच्या बाजूला सर्वांत जास्त चुका पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांच्या होतात. मुरगावहून लोहखनिज घेऊन चीनला निघालेलं जहाज पूर्वेकडे जाणाऱ्या लेनने येतं, आणि ती लेन दक्षिणेला, इंडोनेशियाच्या बाजूला आहे. सिंगापूरचे अँकरेज, म्हणजे नांगर टाकायच्या जागा, उत्तरेला. म्हणजे बंकरसाठी समोरून येणाऱ्या, पश्चिमेकडे जाणाऱ्या लेनला काटकोनात कापून जावं लागतं आणि निघताना पुन्हा कापून परत यावं लागतं. रात्री लेन ओलांडताना एकाखाली एक तीन हिरवे दिवे लावण्याची इथली शिफारस आहे. ते दिवे बसवलेले आणि चालू आहेत का, हे मलाक्का सामुद्रधुनीत शिरण्याआधी तपासा. चीनहून पश्चिमेला निघालेल्या जहाजाला हा व्याप नाही, त्याचं अँकरेज त्याच्याच हाताला येतं.

वाहतूक नियंत्रणाची सेवा मात्र उत्तम. स्ट्रेटरेप ही जहाजांनी रिपोर्ट देण्याची पद्धत १९९८ पासून सक्तीची आहे, ३०० जीटी (ग्रॉस टनेज, जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना नऊ सेक्टरांत क्रमाने रिपोर्ट द्यावा लागतो. सिंगापूरच्या हद्दीत सेक्टर ७ ला व्हीएचएफ चॅनेल ७३, आठला १४, नऊला १०. उत्तर लगेच, तुटक आणि नेमकं येतं. लेन ओलांडणार असाल तर आधी कळवा, समोरून कोण येतंय ते ते आपणहून सांगतात.

१५ मीटर किंवा जास्त ड्राफ्टच्या (पाण्याखालच्या खोलीच्या) जहाजांना आणि व्हीएलसीसींना, म्हणजे महाकाय तेलवाहू टँकरना, तळाखाली सतत ३.५ मीटर पाणी ठेवावं लागतं, आणि अरुंद भागात १२ नॉट्सपेक्षा जास्त वेग नको. यात स्क्वॉट, म्हणजे उथळ पाण्यात वेगामुळे जहाजाचं खाली बसणं, विसरला जातो. ब्लॉक कोइफिशंट (जहाजाचा पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळ, ते प्रमाण) ०.८५ असेल तर १२ नॉट्सला जहाज साधारण १.२ मीटर खाली बसतं, १५ नॉट्सला १.९ मीटर. २०.५ मीटर ड्राफ्टच्या टँकरला म्हणजे १२ नॉट्सलाही २५ मीटरच्या वर पाणी हवं, म्हणून भरतीची वेळ पकडूनच यावं लागतं. बार्ज चार तास उशिरा आली की ती भरती गेली. मध्यम बल्क कॅरिअरला एवढी चिंता नाही. त्याचं टीपीसी, म्हणजे ड्राफ्ट एक सेंटिमीटर वाढवणारे टन, ७० असेल तर हजार टन बंकरने ड्राफ्ट १४ सेंटिमीटर वाढतो. पण पुढचं बंदर ड्राफ्टला कडक असेल, तर हेच १४ सेंटिमीटर तिथे नडतात.

ओपन लूप स्क्रबरचं, म्हणजे धुरातलं गंधक समुद्राच्या पाण्याने धुणाऱ्या यंत्राचं, पाणी सिंगापूरच्या बंदर हद्दीत सोडायला २०२० पासून बंदी आहे. त्यामुळे कमी गंधकाच्या तेलावरचा इंधनबदल हद्दीबाहेरच पुरा करायचा, आणि मिनिटाला २ अंशांपेक्षा जास्त वेगाने तापमान बदलायचं नाही, नाहीतर फ्युएल पंप चिकटतो. हे फिलिप चॅनेलमध्ये, सामुद्रधुनीच्या अरुंद भागात, करत बसू नका. तिथे जागा दीड सागरी मैलाची, रात्री चोर चढण्याचा धोका सर्वांत जास्त तिथलाच आणि त्यांचा डोळा इंजिनच्या सुट्या भागांवर. स्टिअरिंग गिअर रूमला आतून कडी, दोन जनरेटर चालू, आणि जमल्यास तो टप्पा उजेडात. मलाक्का सामुद्रधुनीतल्या वन फॅदम बँकेपासून अँकरेजपर्यंत १२ नॉट्सने सतरा-अठरा तास धरून मागे मोजत आलं, तर हे जमवणं फारसं कठीण नाही.

बार्जची वेळ हा या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा. ‘सकाळी ६ ते १०’ सांगितलेली बार्ज दुपारी उगवू शकते, कारण आधीच्या जहाजावर ती अडकलेली असते. पुरवठादाराशी सौदा करतानाच उशिराबद्दलची अट आणि पंपिंगचा किमान दर लिहून घ्या. बंदर हद्दीबाहेर, शेजारच्या पाण्यात नांगर टाकून स्वस्तात तेल देऊ करणारेही भेटतात. तिथे सिंगापूरचे मीटरचे नियम लागू नाहीत, आणि टनामागे वाचलेले चार डॉलर एका फेसाळ टाकीत बुडतात.