पोंटून, फ्लोट ट्यूब आणि बारा अक्षरांचं स्टिकर: एका हंगामाचा अनुभव

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी माझ्या पोंटूनचा, म्हणजे एका माणसाच्या मासेमारीच्या हवेच्या बोटीचा, डावा फुगा फुटला. पाण्यात नाही, काठावर. दीड तास सनफिश मासे पकडून मी बाहेर आले होते, बोट गवतावर ओढली होती, दोन्ही फुग्यांतली थोडी हवा सोडली होती आणि डबा उघडून पोळी-भाजी खायला बसले होते. मागून ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज आला. वळून बघते तर बोट एका कुशीवर लवंडलेली, खुर्ची वाकडी आणि कव्हरची चेन हातभर उसवलेली.

त्यानंतर सात आठवडे मी वॉरंटीसाठी भांडत होते. आता ऑक्टोबर संपत आलाय, बोट दुरुस्त झाली आहे, आणि मधल्या काळात माझं मत दोनदा फिरलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते. नऊ फुटी, दोन फुगे, मधे लोखंडी सांगाडा आणि खुर्ची, दोन वल्ही, मागे मोटार बसवायची फळी, ही माहिती कुठेही मिळते, त्यात शिरत नाही.

मी मिनेसोटात राहते, सेंट पॉलच्या दक्षिणेला. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी या राज्यात ११,८४२ आहेत. त्यांतली लहान लहान बरीच माझ्या घराजवळ आहेत, पण काठावरून गळ टाकला की तो कमळाच्या पानांत अडकतो. मासे असतात त्या पानांच्या पलीकडच्या कडेला. म्हणजे बोट हवीच. गाडी साधी, मागे ट्रेलर ओढायची सोय नाही, घरी बोट ठेवायला जागा नाही. म्हणून हवेची बोट घ्यायचं ठरलं. मे महिन्यात ५२० डॉलरला पोंटून घेतली, वर १५० ची ट्रोलिंग मोटार (बोट हळू चालवायची बॅटरीवरची छोटी मोटार) आणि ११५ ची बॅटरी. कुठलीही वस्तू घेताना वर्षात किती वेळा वापरणार त्यानं किंमत भागून बघायची मला सवय आहे. तीस वेळा गेले तर दोन-तीन हंगामांत पैसे वसूल, असा हिशोब केला होता.

आधी नावाचा घोळ सांगते, कारण त्यानं माझा एक अख्खा दिवस खाल्ला. मिनेसोटात 'पोंटून' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते ॲल्युमिनियमच्या लांब नळकांड्यांवरचं, सोफे टाकलेलं तरंगतं अंगण. त्याचं मूळही इथलंच. रिचमंड गावाजवळच्या अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्यानं १९५२ मध्ये लोखंडी पिंपं जोडून त्यांवर लाकडी फळ्या बसवल्या, तिथून ही बोट पसरली. मी बोटीच्या सरकारी नोंदणीच्या काउंटरवर 'पोंटून नोंदवायची आहे' म्हणाले आणि बाईंनी लांबी विचारली. 'नऊ फूट' ऐकून त्यांना वाटलं मी एकोणीस म्हणतेय. तेव्हा नोंदणीला जाणाऱ्यांनी 'हवेची, एका माणसाची, मासेमारीची बोट' असं सांगावं आणि मोबाइलवर फोटो तयार ठेवावा.

आता नोंदणी. मिनेसोटाचा नियम साधा आहे, पण विकणारे तो सांगत नाहीत. बोट दहा फूट किंवा त्याहून लहान आणि बिनमोटारीची असेल तर नोंदणी लागत नाही. मोटार लावली की लांबी कितीही असो, नोंदणी लागते, मग मोटार बॅटरीवरची असली तरी. म्हणजे माझी नऊ फुटी बोट वल्ह्यांवर चालवली असती तर एकही कागद लागला नसता. १५० डॉलरच्या मोटारीनं तिचा दर्जा बदलला. पाच फुटी फ्लोट ट्यूबला (बसून तरंगायची हवेची ट्यूब) मोटार जोडली तर तिलाही हेच लागू. नोंदणी तीन वर्षांची असते, शुल्क फार नाही. दुसऱ्या राज्यांतल्यांनी आपापलं बघावं. माझी मावसबहीण ओहायोत आहे, तिथे साध्या कयाकचीही नोंदणी करावी लागते. कॅलिफोर्नियात नुसत्या वल्ह्यांच्या बोटीला लागत नाही, मोटार लावली की डीएमव्हीची, म्हणजे तिथल्या वाहन खात्याची, पायरी चढावी लागते.

आता या सगळ्या लेखाचं कारण: ते स्टिकर. नोंदणीच्या अर्जात बोटीचा हल नंबर भरायचा असतो. गाडीला चासी नंबर असतो तसा हा. बारा अक्षरं: पहिली तीन कंपनीची, पुढची पाच त्या बोटीच्या अनुक्रमांकाची, मग बांधणीच्या महिन्याचं अक्षर आणि वर्षाचा अंक, शेवटी मॉडेलचं वर्ष. नेहमीच्या बोटीवर तो मागच्या बाजूला, उजवीकडे असतो. मी फुग्यांवर उजवीकडे, डावीकडे, खाली, चेनच्या आत, सगळीकडे शोधला. विकणाऱ्या कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं: 'या प्रकारच्या बोटीला नंबर लागत नाही.' दोन दिवस गेले. मग केंद्रीय नियमच उघडून वाचला. ज्या बोटीचे फुगे सुटे करून बदलता येतात, तिच्यावर हा नंबर मागच्या आडव्या दांड्यावर, उजव्या फुग्याच्या जोडापासून एक फुटाच्या आत असावा लागतो. बॅटरीचा ट्रे उचलला आणि त्याच्या बरोबर खाली, काळ्या दांड्यावर, बोटाच्या पेराएवढं राखाडी स्टिकर सापडलं.

तेच स्टिकर, ज्याच्यावर बॅटरीचा ट्रे प्रत्येक लाटेबरोबर घासत होता. नियम म्हणतो की नंबर कोरलेला, ठोकलेला किंवा असा पक्का बसवलेला असावा की काढला किंवा खाडाखोड केली तर लगेच कळावं. आणि एक प्रत लपलेल्या जागीही असावी. दुसरी प्रत मला खुर्चीची तळपट्टी काढूनही सापडली नाही. ५२० डॉलरच्या वस्तूवर तिची ओळख अशा जागी चिकटवणं मला अजूनही सहन होत नाही. व्हॉल्व्ह चांगले आहेत, खुर्ची चांगली आहे, वल्ह्यांचे कड्या-खिळे मजबूत आहेत. पण दांडा बघितला की माझं लक्ष तिथेच जातं.

नोंदणीचा नंबर (हा हल नंबरहून वेगळा) लावणं ही पुढची कसरत. पुढच्या अर्ध्या भागावर, दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंचीची सरळ ठसठशीत अक्षरं, रंग उठून दिसणारा: आधी एमएन, मग चार अंक, मग दोन अक्षरं, मधे नीट मोकळी जागा. हार्डवेअरच्या दुकानातली चिकटपट्टीची अक्षरं मी फुग्यांच्या कापडावर लावली. तिसऱ्या फेरीला 'एम' पाण्यात गेलं. हवा सोडून घडी घातली की कापड मुडपतं, अक्षरं सुटतात. शेवटी पातळ प्लॅस्टिकच्या दोन पाट्या कापल्या, त्यांवर अक्षरं लावली आणि सांगाड्याला पुढे दोन्ही बाजूंनी बांधल्या. ही युक्ती पहिल्या दिवसापासून करा.

ऑगस्टपर्यंत मी या सगळ्यावर वैतागलेली होते आणि नोंदणी म्हणजे फुकटचा भुर्दंड असं म्हणत होते. मग फुगा फुटला. आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, बाहेर काढला तेव्हा दिसलं की तो मधे कुठे फाटलेला नव्हता. व्हॉल्व्हजवळचा जोड सोलून निघाला होता, केळ्याची साल निघावी तसा. थंड पाण्यात हवा आकसते, फुगे मऊ लागतात, आपण पंपानं आणखी भरतो आणि बाहेर उन्हात ती हवा प्रसरण पावते. म्हणून काठावर आल्या आल्या हवा सोडायची असते. ती मी सोडली होती. जोड कच्चा होता, दुसरं कारण मला दिसत नाही.

वॉरंटीसाठी कंपनीनं मागितलं काय? हल नंबर आणि त्याचा फोटो. तोवर स्टिकरवरची मधली चार अक्षरं बॅटरीच्या ट्रेनं पुसून टाकली होती. पावती होती, पण पावतीवर नुसतं मॉडेलचं नाव. 'नंबर वाचता येत नसेल तर दावा पुढे जाऊ शकत नाही,' असं ज्या कंपनीनं लिहिलं, तिनंच नंबर लागत नाही असं मला मे महिन्यात कळवलं होतं. मी दोन्ही ईमेल एकाखाली एक जोडून पाठवल्या. आठ दिवस काही उत्तर नाही.

इथे माझं मत पहिल्यांदा फिरलं. नोंदणीचं कार्ड मी पाण्यात नेताना झिपच्या पिशवीत ठेवते, कारण ते बोटीबरोबर असावं लागतं. त्या कार्डावर तो नंबर छापलेला होता, सगळी बारा अक्षरं! ज्या कागदाला मी भुर्दंड म्हणत होते, त्यानंच माझा दावा जिवंत ठेवला. कार्डाचा फोटो पाठवला. उत्तर आलं: 'हा नंबर आमच्या यादीत नाही.'

त्या रात्री मी झोपले नाही. पुन्हा नियम उघडला. त्या पाच अक्षरांच्या अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. आणि माझ्या कार्डावर सहाव्या जागी ओ होता. अर्ज भरताना मी हातानं शून्य लिहिलं होतं, काउंटरवर ते ओ म्हणून टाइप झालं. ओ काढून शून्य घातलं, नियमातली ती ओळ जोडली, ईमेल पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दावा मंजूर. नवा ब्लॅडर आणि नवं कव्हर सप्टेंबरच्या शेवटी आलं, पाठवणावळ त्यांनी भरली. कार्डावरची चूकही काउंटरवर जाऊन दुरुस्त करून घेतली. तुमच्याकडे कार्ड असेल तर आजच चौथ्यापासून आठव्या अक्षरापर्यंत तपासा.

या सात आठवड्यांत मी मासे सोडले नाहीत. लेबर डेच्या सुट्टीत एका गॅरेज सेलमध्ये ७० डॉलरला जुनी फ्लोट ट्यूब मिळाली, यू आकाराची, मधे बसायची झोळी, पुढे मासा मोजायला पट्टी छापलेला एप्रन. बाबा तेव्हा इथेच होते. आम्ही जुन्नरचे. माणिकडोहच्या पाण्यावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे लोक बाबांनी आयुष्यभर बघितलेत. ट्यूब फुगवून अंगणात ठेवली तसे म्हणाले, "अगं, ही तर आपली धरणावरचीच ट्यूब. खुर्ची लावली एवढंच." आणि ते खरंच आहे. पूर्वी इथेही ट्रकच्या ट्यूबला कॅनव्हासचं कव्हर शिवूनच ही वस्तू बनवायचे.

मला इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. वेडर्स (पाणी आत न येणारी छातीपर्यंतची विजार) घालायचे, पायात फिन्स (पोहायचे रबरी पंजे), लाइफ जॅकेट अंगात, आणि पाण्यात उलटं चालत जायचं. दिशा पायांनी, म्हणून दोन्ही हात रॉडला मोकळे. पोंटूनवर मासा लागला की वल्ही सांभाळू की रॉड, अशी धांदल होते. इथे मासा ओढतो तशी आपणच हळूच वळतो. आवाज अजिबात नाही, सनफिश एप्रनखालून जातात. वजन इतकं कमी की खांद्यावर टाकून पायवाटेनं आत जाता येतं, जिथे गाडी पोचत नाही अशा तळ्यांवर. नोंदणी नाही, नंबर नाही, बॅटरी नाही. बाबा काठावर खुर्ची टाकून मोजत बसायचे, "सहावा! अगं, सहावा." सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी ठरवून टाकलं होतं की पोंटून दुरुस्त होऊन आली की विकायची.

मग बाबा परत गेल्यानंतरच्या एका रविवारी वारा सुटला. मी तळ्याच्या उत्तर टोकाला होते, गाडी दक्षिणेला, वारा समोरून. पायानं मारत मारत परत यायला पाऊण तास लागला आणि शेवटी मांडीत गोळे आले. पाणी गार झालं होतं, वेडर्समधून थंडी हाडात शिरली. फ्लोट ट्यूब वाहत्या नदीत नेऊ नका, मोठ्या तळ्यात नेऊ नका. मिल लॅक्ससारखं पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं पाणी तर नावच काढू नका. लहान तळं, सकाळची वेळ, काठाच्या जवळ. यात तिला तोड नाही. याबाहेर धोका आहे.

म्हणून दुसऱ्यांदा मत फिरलं. पोंटून ठेवली, मोटार उतरवली. मोटार आणि बॅटरीचं पन्नास-साठ पौंडांचं ओझं गेल्यावर ती इतकी हलकी चालते की मे महिन्यात मी असंच का केलं नाही याचं वाईट वाटतं. त्याच वाऱ्यात वल्ह्यांनी दहा मिनिटांत काठ गाठता येतो, आणि पाय कोरडे. मोटार नसल्यामुळे आता नोंदणीची गरज नाही, पण तीन वर्षांचे पैसे भरलेत, पाट्या तशाच राहू देत. आज कोणी विचारलं तर मी सांगेन: आधी जुनी फ्लोट ट्यूब शंभर डॉलरच्या आत मिळते का बघा, एक हंगाम तिच्यावर काढा, आणि मग हवी तर दहा फुटांच्या आतली वल्ह्यांची पोंटून घ्या. मोटार घ्यायचीच असेल तर विकत घेण्याआधी दुकानात बोट उलटी करून तो नंबर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, मोबाइलवर फोटो काढा, तेव्हाच पैसे द्या. जो दुकानदार नंबर लागत नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

देखभालीचं एकच सांगते. दोन्हींच्या कापडी कव्हरात पाणी आणि शेवाळ अडकून राहतं. झेब्रा मसल या शिंपल्यांचा प्रसार इथे अशाच ओल्या सामानातून होतो. एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी वेली हातानं काढा, पाणी झटका आणि पाच दिवस पूर्ण वाळू द्या. मी ट्यूब बाल्कनीत आणि पोंटूनची कव्हरं न्हाणीघरात टांगते.

दांड्यावर आता जुन्या स्टिकरच्या जागी कंपनीनं पाठवलेली धातूची पट्टी आहे, मी ती दोन रिव्हेटनी ठोकून घेतली. बॅटरीचा ट्रे काढून टाकला आहे. मोटार विकायला लावली आहे, नव्वद डॉलरला जाईल असं वाटतं. बॅटरी मात्र ठेवणार, जानेवारीत बर्फावरच्या तंबूत दिव्याला लागेल.