सोलापुरात चेरीची बाग? रोपांचे पैसे देण्याआधी पान उलटून बघा

मोहोळ तालुक्यातल्या एका कुटुंबाची डाळिंबाची बाग तेल्या आणि मर रोगानं गेली. दीड एकर रान मोकळं पडलं, ठिबक तयार होतं. अशा घराचा पत्ता रोपं विकणाऱ्यांना बरोबर लागतो. दिवाळीनंतर दोघं जण आले, 'उष्ण हवामानाची चेरी' म्हणून फोटो दाखवले आणि १५ बाय १५ फुटांवर बसतील अशी ३०० रोपं ठरवून गेले. ३८० रुपयांचं एक रोप, म्हणजे १,१४,००० रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे गाडी उतरल्यावर. जानेवारी २०२३ मध्ये लागवड झाली. तिसऱ्या वर्षी माल निघेल आणि तो आम्हीच उचलू, असं ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं.

गाडीत दोन प्रकारची रोपं होती, आणि सगळी लबाडी तिथंच होती. दाराशी उतरवलेली ४० रोपं कलमी होती: बिनपानाच्या काड्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाचा जोड, सालीवर आडव्या बारीक रेघा. ही खरी चेरी. मागची २६० रोपं काळ्या पिशवीतली, हिरवीगार. ती 'दुसरी व्हरायटी, परागीभवनासाठी' असं सांगितलं. चेरीच्या बऱ्याच जातींना परागीकरणासाठी दुसरी जात लागते हे खरं आहे, म्हणून वाक्य पटतं. पण परागीकरणाची झाडं मुख्य झाडांपेक्षा सहापटीनं जास्त कुणी लावत नाही. त्या दिवशी हा एक आकडा कुणी तपासला असता तर गाडी तशीच परत गेली असती.

त्या २६० रोपांचं पान हातात घेतलं की कळतं. पानाची कड दातेरी आहे, पानं एकाआड एक आहेत, इथपर्यंत चेरीसारखंच. पण पान उलटं करून अंगठा फिरवला की मऊ लव लागते, कोवळा शेंडा बोटाला चिकटतो आणि देठाशी पानाची एक बाजू खाली, एक वर अशी तिरकी असते. ही सिंगापूर चेरी. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला पाखरांनी पेरलेली उगवते ती. चेरीच्या कुळाशी तिचा काही संबंध नाही. खऱ्या चेरीच्या पानाला, देठ जिथं पात्याला मिळतो तिथं, मोहरीएवढ्या दोन तांबूस गाठी असतात. रोप कुठलंही असो, आधी त्या गाठी शोधा. पानझडीच्या दिवसांत रोप काडीच असेल तर आडव्या रेघांची साल आणि कलमाचा जोड बघा.

सगळीकडे सिंगापूर चेरीच देतात असं नाही. 'चेरी' नावावर बार्बाडोस चेरीही खपवतात. तिची पानं समोरासमोर, कड सपाट, फूल गुलाबी आणि फळात तीन बिया. सुरिनाम चेरीचं फळ भोपळ्यासारखं खाचांचं असतं आणि पान चुरगाळलं की राळेसारखा उग्र वास येतो. ही झाडं वाईट नाहीत. परसात एखादं जरूर लावा, पण ५०-६० रुपयांच्या भावानं, आणि त्याच्या खऱ्या नावानं.

आता त्या खऱ्या ४० रोपांचं काय झालं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण 'रोप अस्सल आहे ना' एवढ्यावर अनेक जण फसतात. चेरीचा डोळा, म्हणजे काडीवरची कळी, हिवाळ्यात झोपतो आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय उठत नाही. बहुतेक गोड चेरीला ७ अंशांखालची साधारण ७०० ते १,२०० तास थंडी लागते. म्हणून ती काश्मीरमध्ये शोपियान-गांदरबलला आणि हिमाचलात शिमल्याच्या वरच्या पट्ट्यात होते. अगदी कमी थंडीच्या म्हणून निवडलेल्या मिनी रॉयल आणि रॉयल ली या जातींनाही २०० ते ३०० तास लागतात, आणि त्या दोन्ही शेजारी लावाव्या लागतात. सोलापुरात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा ३० वर चढतो. ७ अंशांखालचे तास मोजायला बसलं तर बहुतेक हिवाळ्यांत हाताला काहीच लागत नाही. वर दुपारचं ऊन रात्रीची मिळालेली थंडीही पुसून टाकतं.

मोहोळच्या बागेत हेच दिसलं. मार्चमध्ये शेंड्याचे दोन-चार डोळे फुटले, खालचे आंधळे राहिले. ही फूट येते ती डोंगरातल्या रोपवाटिकेत आधी मिळालेल्या थंडीवर, आणि विकणारा तिचाच फोटो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. मे महिन्यात ४० च्या वर पारा गेला, पानांच्या कडा करपल्या, उघड्या खोडाची साल पश्चिमेच्या बाजूनं तडकली आणि तिथून मधासारखा डिंक आला. पावसाळ्यात काळ्या रानात पाणी तुंबलं. चेरीला ओले पाय अजिबात सोसत नाहीत. बुडाची साल कुजली. जी वाचली ती चुनखडीमुळं पिवळी पडली, कारण तिला जमिनीचा सामू (पीएच) ६ ते ७ हवा आणि इथं तो ८ च्या पुढं असतो. दुसरा उन्हाळा एकाही रोपानं पाहिला नाही.

मधल्या काळात विकणारे गप्प बसले नाहीत. फुलं का येत नाहीत विचारल्यावर म्हणाले, डाळिंबासारखं पाणी तोडून ताण द्या, इथरेल फवारून पानगळ करा. हा सल्ला सोलापूरच्या माणसाला लगेच पटतो, कारण बहार आपण तसाच धरतो. पण डाळिंबाला ताण पुरतो, चेरीला थंडीच लागते. पानगळ केल्यानं आधीच अशक्त असलेलं झाड आणखी खचलं. मग द्राक्षाच्या काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड आणून दिलं, पुन्हा पैसे घेऊन. थंडी थोडी कमी पडली असेल तर त्याचा उपयोग होतो. थंडी मुळातच नसेल तर ते काही करत नाही, आणि मात्रा वाढली तर डोळे जळतात. 'सफरचंद येतं, मग चेरी का नाही?' हाही ठरलेला मुद्दा. हरमन-९९ किंवा अ‍ॅना या मुद्दाम निवडलेल्या कमी थंडीच्या सफरचंदाच्या जाती आहेत. त्यावरून चेरीचं काहीच सिद्ध होत नाही.

सिंगापूर चेरी मात्र जोमात वाढली. २०२४ च्या उन्हाळ्यात पांढरी फुलं, मागोमाग लाल फळं. करारावर बोट ठेवून फोन केला तर 'तिसऱ्या वर्षाचा माल ठरलाय' असं उत्तर. मार्केट यार्डात एका व्यापाऱ्यानं फळ दोन बोटांत दाबलं. खसखशीसारख्या शेकडो बिया बाहेर आल्या. चेरीत एकच टणक आठळी असते. हे फळ तोडल्यावर दिवसभरात मऊ पडतं, पेटीत भरता येत नाही. 'बेकरीवाले घेतील' असंही सांगितलं होतं. बेकरीतली लाल चेरी म्हणजे बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. ते मात्र आपल्याकडे उत्तम येतं, हे जाता जाता सांगायला हवं.

'तिसऱ्या वर्षी' या शब्दांकडे मुद्दाम लक्ष द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते. तिसऱ्या वर्षाची वाट बघायला लावणारा ती मुदत खाऊन टाकतो. व्यापाऱ्यानं फळ दाबलं त्याच आठवड्यात या कुटुंबानं कागद जमवले, म्हणून ते मुदतीत राहिले. शेतकरी ग्राहकच नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर नोंद करता येते.

पैसे अजून दिले नसतील तर विक्रेत्याकडे परवाना मागा. महाराष्ट्रात फळझाडांची रोपं विकायला १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली कृषी खात्याचा परवाना लागतो. पावतीवर परवाना क्रमांक, जातीचं नाव, खुंटाचं (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलं त्याचं) नाव आणि रोपांची संख्या लिहून घ्या. 'चेरी ३०० नग' एवढंच लिहिलेली पावती आयोगापुढं लंगडी पडते. मोहोळच्या पावतीवर तेवढंच होतं. जातीला किती तास थंडी लागते हे लिहून मागितलं की बरेच जण तिथूनच निघून जातात. शंका असेल तर एक फांदी पानांसकट ओल्या कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या, किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

लागवड होऊन गेली असेल तर रागानं बाग मोडू नका. प्रत्येक ओळीचे तारखेसह फोटो, पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि कापलेल्या फळाचे फोटो घ्या, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश सांभाळा. कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा हातात येईपर्यंत मेलेली काडीसुद्धा उपटायची नाही. कलमाचा जोड आणि साल त्या काडीवरच आहे.