घरात ठेवायचा एअर क्वालिटी मॉनिटर, एक हिवाळा वापरून झाला

५ पैकी साडेतीन. दीड कापलाय त्यातला एक फक्त त्याच्या पीं-पीं साठी, ते पुढे सांगते.

आम्ही चेंबूरला राहतो, तिसरा मजला, समोर रिडेव्हलपमेंट चालू आणि सासूबाईंना जुना दमा. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस हवा खराब झाली म्हणून महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवली ना, तेव्हापासून घरात रोज चहाला हाच विषय, की त्यांचं थांबवलं मग आपल्याकडे काय हिमालयाची हवा आहे का. समीर अ‍ॅप आहे फोनमध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, पण त्यातला हवेच्या गुणवत्तेचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा आणि स्टेशन जिथे असेल तिथला. आमच्या गॅलरीत आत्ता काय आहे ते त्यातून कसं कळणार? म्हणून ४,२०० रुपये घालून हा मागवला. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, पांढरा, आत एक बारीक पंखा हवा ओढतो आणि लेझरचा उजेड कणांवर पडून किती विखुरतो त्यावरून पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, किती ते सांगतो.

पहिला आठवडा नुसता वैताग. सकाळी उठलं की लाल दिवा, पीं पीं पीं. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या डबीला विचारून श्वास घ्यायचा का गं?" मग एका रात्री बसून मॅन्युअल वाचलं तेव्हा कळलं की ह्याची एक्यूआयची, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची, पट्टी अमेरिकेची आहे. म्हणजे बघा, पीएम २.५ जर एका घनमीटर हवेत ५८ मायक्रोग्रॅम असेल तर हा दीडशेच्या वरचा एक्यूआय दाखवून लाल होतो, आणि आपल्या भारतीय पट्टीत तेच ५८ म्हणजे शंभराच्या आत, "समाधानकारक", हिरवं! हवा तीच, फुफ्फुसं तीच. आपल्याकडे २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणतेय, त्यामुळे कोण जास्त घाबरवतंय आणि कोण जास्त थोपटून झोपवतंय हे तुम्हीच ठरवा. मी एक्यूआय बघणंच सोडलं, सेटिंगमध्ये जाऊन सरळ मायक्रोग्रॅमचा आकडा लावून ठेवला. हे घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशीच करा. आवाज मात्र पूर्ण बंद होत नाही, कमी होतो फक्त. रात्री अडीचला एकदा वाजलाय. एक स्टार तिथेच गेला.

आता खरी गंमत. मी घेतला होता समोरच्या बिल्डरला पकडायला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून महापालिकेचे नियम आहेत, पत्र्याचं उंच कुंपण, हिरवं कापड, पाणी मारणं, आणि समोर कापड आहे पण त्यातून अख्खा ट्रक जाईल एवढं फाटलेलं. तर मला वाटलं आकडे दाखवून सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलू. पण डबीने आधी आम्हालाच पकडलं. आमटीला फोडणी दिली, मोहरी, सुकी मिरची, एक्झॉस्ट लावला नव्हता, ४६ चे ३१० झाले मिनिटाभरात. गुरुवारचा धूप, दोनशेच्या पुढे. आणि सासूबाईंच्या खोलीत, दार लावून रात्रभर डासांची कॉइल जळायची, तिथे सहज नेऊन ठेवला तर ९९९. त्याच्यापुढे आकडाच नाही ह्याच्याकडे. दोन वर्षं त्या सकाळी खोकतायत आणि आम्ही दोन वर्षं बिल्डरला शिव्या देतोय. अर्थात बिल्डरही काही साधू नाही, खिडकी उघडी आणि समोर कटर चालू असला की आकडा चढतो तो चढतोच. पण कॉइल त्याच रात्री बंद केली आणि मच्छरदाणी काढली माळ्यावरून.

बाकी उपयोग कसा होतो ते लिहिते. जानेवारीत आमच्याकडे सकाळी सात-आठला शंभराच्या वर असायचं आणि दुपारी तीनला तेच चाळीस-पन्नास. थंडीत पहाटेची गार हवा खाली बसून राहते, सगळं तिच्यात कोंडतं, आणि मग दुपारी समुद्राकडून वारा सुटला की मोकळं होतं. त्यामुळे सासूबाईंचं सहाचं बागेत फिरणं आता संध्याकाळी साडेचारला. खिडक्या सकाळी बंद, दुपारी सताड उघड्या. कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. डॉक्टरांनी सांगितलेलं एकच पक्कं लक्षात ठेवलंय, की बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप सोडायचा नाही आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप पर्समध्येच हवा, डबीत हिरवं असो की लाल. मास्क एन९५ च, ओढणी किंवा कापडी रुमालाने हे बारीक कण अडत नाहीत, आणि नाकावरची पट्टी नीट दाबून बसवली नाही तर एन९५ चाही उपयोग नाही. सासूबाई तो नाकाखाली घालतात. बोलून बोलून थकले.

उणिवा लिहायच्या तर, दमट हवेत किंवा धुक्यात हा वाढवून दाखवतो, बाथरूमच्या वाफेनेही दोनशे होतात, त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नका, दहा मिनिटं थांबून परत बघा. सरकारी स्टेशनच्या मशीनशी तंतोतंत जुळेल ही अपेक्षाही नको. आणि हा फक्त कण मोजतो, गॅस नाही. समोरच्या रस्त्यावर ट्रॅफिकच्या धुराने डोळे चुरचुरत असले तरी डबी हिरवी असू शकते.

आत धूळ साचते, दोन महिन्यांनी जाळीवर ब्रश फिरवावा लागतो, मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलंय तेही शेवटच्या पानावर. बॅटरी चार तासाच्या वर जात नाही, म्हणजे प्लगलाच लावून ठेवायचा, आणि केबल दिलीय वीतभर, तेव्हा लांब केबल वेगळी मागवा सोबतच.