कंत्राटी काम देणारी एजन्सी: काम भरपूर, पण रविवारचा हिशोब नीट करून घ्या

सर्व्हर सांभाळण्याचं काम मला या एजन्सीने मिळवून दिलं, त्याला 2 वर्षं झाली. काम सलग मिळतं, बिलाचे पैसे 30 दिवसांत येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुट्टीच्या दिवसांचा विषय काढला की मॅनेजरबाईंचं एकच पालुपद, "तासाचा दर ठरलाय ना, मग वार कोणता का असेना!"

पगारी माणसाला जादा कामाचा भत्ता कायद्याने मिळू शकतो. आपल्याला करारात लिहिलंय तेवढंच. मला हे कळलं एका रविवारी, पहाटे पावणेतीनला. फोन आला, डिस्क गच्च भरली होती. जुने लॉग, म्हणजे सर्व्हरने आपोआप साठवलेल्या नोंदींच्या फायली, काढून टाकले, सर्व्हर सुरू केला. बिल झालं फक्त 20 मिनिटांचं. झोप गेली ती गेलीच.

कराराच्या नूतनीकरणाला मी अडूनच बसले. शनिवार-रविवारी दीडपट दर, एका फोनमागे किमान 2 तासांचं बिल आणि फोन उशाशी ठेवून बसण्याचे वेगळे पैसे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या, तेही ईमेलवर लेखी. तिसरीवर अजून घोळ चालू आहे.

सध्या 5 पैकी 3 तारे. ती तिसरी गोष्ट मान्य केली की चौथा नक्की देईन.