क्रोम सोडून फायरफॉक्स: काय मिळतं, काय अडतं

२००८ साली क्रोम आला तेव्हा लोकांनी तो चपळ म्हणून उचलला. आता ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर वीसेक टॅब झाले की पंखा घरघरायला लागतो. पण नुसत्या रॅमसाठी ब्राउझर बदलू नका, त्या बाबतीत फायरफॉक्सही काही धुतल्या तांदळाचा नाही. आधी क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा. पुष्कळदा एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) नाहीतर विसरलेला व्हिडिओचा टॅबच सगळं गिळत बसलेला असतो.

सोडायचं खरं कारण जाहिराती. पूर्वी युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पानाने बाहेर पाठवलेली प्रत्येक रिक्वेस्ट स्वतः तपासून अडवायचं. मॅनिफेस्ट व्ही३ ही क्रोमची एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली आल्यापासून एक्स्टेन्शनने फक्त नियमांची यादी द्यायची, अडवायचं काम ब्राउझरचं. २०२५ मध्ये क्रोमवरचा जुना युब्लॉक बंदच पडला. त्याचा लाइट अवतार बातम्यांच्या साइटपुरता चालतो, पण कुठल्या साइटवर कुठला सर्व्हर आत घ्यायचा हे हाताने ठरवता येत नाही. फायरफॉक्सवर पूर्ण युब्लॉक चालतो, अगदी अँड्रॉइडवरही.

बुकमार्क आणि हिस्टरी फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधल्या ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ने येतात. पासवर्ड मात्र फाइलने न्या: क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट करा आणि ती सीएसव्ही फायरफॉक्सच्या पासवर्ड पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूतून आत घ्या. ती फाइल साध्या अक्षरांत असते, कुणीही उघडून वाचावी अशी. काम झालं की लगेच उडवा, रिसायकल बिनही रिकामी करा, आणि फोल्डर क्लाउडला जोडलेलं असेल तर तिथूनही काढा. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) या फाइलीत येत नाहीत, त्या साइटवर नव्याने कराव्या लागू शकतात. लॉगिनही सगळीकडे परत करायचं, तेव्हा ओटीपीचा फोन जवळ असू द्या.

कळंगुट, हरमलकडच्या होमस्टेवाल्यांना फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन फार कामाचं: बुकिंगची दोन-तीन खाती एकाच खिडकीत, लॉगिनची सरमिसळ न होता. उलट, खोलीतल्या टीव्हीवर टॅब कास्ट करायचा असेल तर फायरफॉक्सने भागत नाही, क्रोम लागेल.

पणजी-म्हापशातल्या हिशेबनिसांची अडचण वेगळी. डीएससी टोकनचं (डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबीचं) सहीचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालतं. फायरफॉक्स विश्वासाच्या सर्टिफिकेटांची (जोडणी खरी असल्याच्या दाखल्यांची) स्वतःची यादी बाळगतो, म्हणून सहीच्या वेळी जोडणी अडू शकते. मग तो पत्ता पोर्ट नंबरासकट टॅबमध्ये उघडून अपवाद मान्य करावा लागतो. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला असले प्रयोग कशाला? सहीपुरता क्रोम राहू द्या, बाकी दिवसभर फायरफॉक्स.

एवढा खटाटोप नको असेल तर ब्रेव्ह हा ब्राउझर बघा. तो क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर बांधलेला, त्यामुळे क्रोमची बहुतेक एक्स्टेन्शन्स चालतात, आणि त्याचा जाहिराती अडवणारा भाग ब्राउझरमध्येच असल्याने व्ही३ची झळ त्याला लागत नाही. क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं तेवढी पहिल्याच दिवशी लपवून टाका.