के-३१: स्विस सैनिकाची रायफल, उद्यमनगरच्या नजरेतून

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत गेली अठ्ठावीस वर्षे मी लेथ आणि मिलिंगचे काम करतो आणि सवड मिळेल त्या रविवारी .२२ रायफलने ५० मीटरवर सराव करतो. २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक आणले. अशा जिल्ह्यात राहून हा छंद लागला नसता तरच नवल. त्यामुळे या उन्हाळ्यात पुतण्याकडे स्वित्झर्लंडला गेलो, तेव्हा त्याच्या वयस्क शेजाऱ्यांनी त्यांची के-३१ रायफल हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर नेले, हा माझ्या दृष्टीने त्या प्रवासातला सर्वांत मोलाचा भाग होता. ही रायफल तिथल्या सैन्याने सेवेतून काढली त्याला कित्येक दशके लोटली, तरी जगभरचे संग्राहक तिच्यामागे का असतात, हे मला तिचा बोल्ट, म्हणजे नळीमागे सरकून काडतूस आत बसवणारा आणि बाहेर काढणारा दांडा, एकदा ओढल्यावर कळले.

नेहमीच्या बोल्ट रायफलमध्ये मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि पुन्हा खाली दाबायची असते. इथे मूठ सरळ मागे ओढायची आणि सरळ पुढे ढकलायची, एवढेच. मूठ ओढली की आतल्या तिरक्या खाचेमुळे कुलूप लावणारे दात आपोआप फिरून सुटतात. या सरळ ओढीच्या रचनेची सुरुवात १८८९ च्या श्मिट-रुबिन रायफलपासून झाली. त्या पहिल्या रचनेत हे दात बोल्टच्या मागच्या बाजूला होते, त्यामुळे यंत्रणा फार लांब व्हायची. कर्नल आडोल्फ फुरर यांच्या हाताखाली बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्याने के-३१ साठी ते पार पुढे, काडतुसाच्या बुडापाशी आणले. परिणाम असा, की आधीच्या के-११ कार्बाइनएवढ्याच (कार्बाइन म्हणजे आखूड रायफल) लांबीत ५९२ मिमीऐवजी ६५२ मिमीची नळी बसली. ६० मिमी जागा कुठून काढली हे पाहण्यासाठी मी बोल्ट बाहेर काढून बराच वेळ न्याहाळत होतो. आमच्याकडे एखाद्या जॉबमध्ये दोन-चार मिमी जागा काढायची असली तरी दोन दिवस ड्रॉइंगवर डोके खाजवावे लागते.

फिटिंगबद्दल तर किती लिहावे! बोल्ट पुढे सरकताना कुठेही खरखर नाही, आणि शेवटच्या टप्प्यात तो खट् करून बसतो तेव्हा हाताला जराही खेळ जाणवत नाही. नळीचा मागचा भाग, बोल्ट आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) यांवर एकच क्रमांक आहे, म्हणजे ही एकत्र जुळवलेली जोडणी आजवर मोडलेली नाही. १९३३ ते १९५८ या काळात सुमारे ५ लाख २८ हजार के-३१ तयार झाल्या. एवढ्या संख्येने काढलेल्या वस्तूवर ही सफाई टिकवणे म्हणजे काय, ते मशीनवर उभे राहणाऱ्यालाच समजेल.

रेंजवर अंतर ३०० मीटर होते. आपल्याकडे ५० मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल ११२.४ मिमीचा असतो आणि ३०० मीटरचा ६०० मिमीचा. हिशेब केला तर डोळ्याला तो आपल्या सवयीच्या गोलाहून किंचित लहानच दिसतो. शिवाय इथे डायऑप्टर, म्हणजे नेम धरायची बारीक भोकाची चकती, नाही; मागे साधी खाच आणि पुढे दोन कानांमध्ये उभी माशी, म्हणजे नेमाची पट्टी. काडतूस ७.५ मिमीचे जीपी-११, त्यातली गोळी ११.३ ग्रॅमची. ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे: पहिला टप्पा मऊ, मग एक स्पष्ट अडसर, आणि त्यानंतर कुठलीही ओढाताण न करता सुटणारा चाप. सहा गोळ्यांच्या तीन फेऱ्या झाडल्या. पहिल्या फेरीत धक्क्याच्या अपेक्षेने माझा खांदा आखडत होता, पण तिसऱ्या फेरीतल्या सहापैकी पाच गोळ्या काळ्यात होत्या. उघड्या माशीवर, परक्या रायफलने, एवढे जमले याचे श्रेय मी चापाला देतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मूठ मनगटाने नव्हे, कोपरापासून जोर लावून ओढावी लागते. हळू ओढली की काडतूस नीट बाहेर पडत नाही. सेफ्टीसाठी मागची कडी ओढून फिरवायची असते आणि तिची स्प्रिंग इतकी कडक आहे, की थंडीत गारठलेल्या बोटांनी ते काम अवघड जात असणार. माशी डावी-उजवीकडे सरकवायची तर वेगळे हत्यार लागते. दस्ता सुरुवातीच्या रायफलींना अक्रोडाचा आणि नंतरच्यांना बीच लाकडाचा आहे; मी हाताळलेली बीचची होती आणि तिचा बुडाकडचा भाग ओलाव्याने काळवंडून ठिकठिकाणी खरचटलेला होता.

मात्र लाकूड असे आणि आतले लोखंड मात्र नव्यासारखे, ही या रायफलींची ओळखच आहे. स्वित्झर्लंड दोन्ही महायुद्धांत तटस्थ राहिले, त्यामुळे या रायफली खंदकांत गंजल्या नाहीत. तिथला सैनिक हा एरवी शेतकरी, सुतार किंवा कारकून असतो; तो शस्त्र घरी ठेवतो, त्याची निगा राखतो आणि नेमबाजीची परीक्षा देतो. सेवा संपल्यावर कित्येकांनी आपली रायफल स्वतःकडेच ठेवली. उरलेल्या बाजारात आल्या, तेव्हा अमेरिकेत त्या शंभर-दीडशे डॉलरला मिळत असत. आज त्या भावात मिळण्याची आशाच नको. माझ्या मते संग्राहक पैसे मोजतात ते युद्धाच्या आठवणीसाठी नव्हे, तर एकाच माणसाने वर्षानुवर्षे पुसलेल्या, तेल घातलेल्या अवजारासाठी. खंडेनवमीला आम्ही लेथला हळदकुंकू वाहतो, हार घालतो. त्या भावनेशी मला याचे जवळचे नाते वाटते.

कोल्हापुरात ती विकत घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि परदेशातून अशी रायफल आणणे तुमच्या-माझ्यासारख्याला शक्य नाही. तिकडे कोणी नातेवाईक असेल, तर रेंजवर एक सकाळ जरूर मागून घ्यावी.

निघण्याआधी त्या गृहस्थांनी दस्त्याच्या टोकावरच्या लोखंडी पट्टीचे दोन स्क्रू काढले. आत घडी घातलेला एक पिवळट कागद होता आणि त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव, तुकडी आणि गावाचा पत्ता. रायफल हरवली तर कोणाची ते कळावे, म्हणून सैनिक अशी चिठ्ठी तिथे ठेवत. मी कागदाला हात लावला नाही. त्यांनी तो पूर्वीच्याच घडीवर दुमडून आत ठेवला, पट्टी बसवली आणि दोन्ही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत येईपर्यंत सावकाश आवळल्या.